विषण्णता आणि खचलेपण
(नईम, बहरीन येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नईमच्या गल्ल्यांतून राहणारे आपले बांधव आमच्याकडे येतात व म्हणतात, "डॉक्टरसाहेब, डिप्रेशन आलंय, गोळी द्या." या एका शब्दाखाली दोन निराळ्या अवस्था दडलेल्या असतात. त्यांतील भेद आज आम्ही आपणापुढे मांडू इच्छितो.

पहिली विषण्णता. हा आजार आहे. झोप व भूक बिघडते, आठवडेच्या आठवडे कशातही गोडी उरत नाही. मुलगी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्याचे गावाहून कळले, तरी मन हलत नाही. दुसरे खचलेपण. त्याच वार्तेने या माणसाचा चेहरा उजळतो, पण क्षणात तो म्हणतो, "पुढे काय करावे, सुचत नाही." आनंद घेता येतो, वाट दिसत नाही. डी फिगेरेदो व जेरोम फ्रँक या मनोविकारतज्ज्ञांनी १९८२ साली खचलेपणाचे मुख्य लक्षण सांगितले, ते हेच : आपण असमर्थ आहोत ही भावना.

एका गवंडी बांधवाचा चार महिन्यांचा पगार थकला होता. आम्ही त्यास गोळ्या लिहून दिल्या. आठवड्याने त्याने त्या मेजावर ठेवल्या व म्हटले, "साहेब, त्यापेक्षा एक अर्ज लिहून द्या." चूक आमची होती. दोघा सहकाऱ्यांना बसवून अर्ज लिहिला. पैसे पुढे केव्हातरी मिळाले. झोप त्यास त्याच रात्री लागली.

खचणे म्हणजे दुबळेपणा नव्हे. १९१७ साली उच्चविद्याविभूषित बाबासाहेबांना बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून हुसकावण्यात आले. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी अश्रू ढाळले. त्या अश्रूंना आजार म्हणणे म्हणजे अन्याय करणाऱ्यांना मोकळे सोडणे होय. १९२० साली त्यांनी 'मूकनायक' सुरू केले व त्याच वर्षी अपुरे शिक्षण पुरे करण्यास ते लंडनला गेले. वाट सापडली, तशी उमेद परतली.

परंतु उलट चूकही होऊ नये. विषण्ण माणसास "हिंमत धर" म्हणणे क्रूरपणाचे आहे. त्यास औषधोपचार हवा. कित्येकदा दोन्ही अवस्था एकत्र नांदतात, आणि दोहोंतही मरणाचा विचार येऊ शकतो. असे कोणी बोलल्यास त्यास एकटे सोडू नका, तत्काळ डॉक्टरकडे आणा.

आजाऱ्यास औषध द्यावे, खचलेल्यास सोबत द्यावी, आणि आधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.

जयभीम!