मृत्पात्राचे रूप आणि काम

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात अकबराच्या काळी महंमद घौस यांची कबर उभी राहिली. तिच्या घुमटावर एके काळी निळ्या झिलईच्या फरशांचे आच्छादन होते. ते आज उरलेले नाही. भिंतींतल्या दगडी जाळ्या मात्र अजूनही वारा आणि उजेड गाळून आत सोडतात. शेजारीच असलेली तानसेनाची कबर पाहायला आलेला प्रवासी या जाळ्यांपुढे हमखास थबकतो. ही नक्षी आहे की खिडकी, असा प्रश्न त्याला पडत नाही. ती दोन्ही आहे. रूप आणि उपयोग यांचे हे ऐक्य ध्यानात घेतले, म्हणजे आजच्या मृत्कलेकडे कसे पाहावे, हेही उमजू लागते.

हजीऱ्याहून दिसणाऱ्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमर (१४८६–१५१६) याचा महाल आहे. त्याच्या भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या झिलईचे हंस, हत्ती आणि केळीची झाडे आहेत. १५२८ साली बाबराने हा महाल पाहिला आणि आपल्या आठवणींत त्या केळींचा उल्लेख केला. घुमटांवरच्या ज्या सोनेरी मुलाम्याच्या तांब्याचे त्याने वर्णन केले, ते केव्हाच नाहीसे झाले; मातीचा निळा रंग पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. झिलई म्हणजे काचच. भट्टीत ती वितळून मातीच्या अंगाला चिकटते आणि रंग तिच्या पोटात राहतो. म्हणून ऊनपावसाने तो सहसा धुपत नाही. येथे शोभा आणि टिकाऊपणा एकाच क्रियेतून जन्मले आहेत.

घरातल्या भांड्यांतही हेच दिसते. माठाला झिलई नसते, कारण त्याने पाझरलेच पाहिजे. बाहेर आलेल्या ओलाव्याची वाफ होताना आतले पाणी गार होते. लोणच्याच्या बरणीने मात्र पाझरता कामा नये. तिची माती सुमारे १२०० अंश उष्णतेत भाजून घट्ट झालेली असते आणि तिची झिलई मिठाला व आंबटाला दाद देत नाही. माठाचे गोल पोट आणि बरणीचे सरळ अंग ही दोन कामांची दोन रूपे होत.

आधुनिक भारतीय मृत्कलेच्या अग्रणींपैकी सरदार गुरुचरण सिंग १९१९ ते १९२२ या काळात जपानमध्ये शिकले. रोजच्या वापरातील वस्तूतच सौंदर्य पाहणाऱ्या यानागी, हमादा आणि इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांचा सहवास त्यांना तेथे लाभला. १९५२ साली त्यांनी ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ स्थापन केली आणि जुन्या इमारतींवरील निळाईला घरातल्या पेल्यावाडग्यांत स्थान दिले. पुढच्या पिढीतील अनेकांनी पात्र सोडून शिल्पाकडे वाटचाल केली. भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून चित्र-शिल्पाबरोबर मृत्कलेलाही जागा मिळाली.

ज्यात पाणी राहत नाही ते भांडे निरर्थक, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण वेडेवाकडे ते सारे कलापूर्ण, हेही खरे नव्हे. पेला हातात घ्यावा. काठ ओठाला लागतो कसा, कान बोटांना धरवतो का, बूड जमिनीवर ठाम बसते का, वजन डोळ्यांच्या अंदाजाशी जुळते का, हे पाहावे. शिल्प असेल तर त्याच्या पोकळीला, चिरेला, खडबडीत अंगाला कारण आहे का, ते शोधावे. ते कारण सापडले, की वाकडेपणाही अर्थपूर्ण वाटतो. न सापडले, तर केवळ झिलईची चकाकी उरते.

ही पारख केवळ प्रदर्शनापुरती नाही. प्लॅस्टिकच्या डब्याने बरणीला फडताळातून हुसकावले, तेव्हा गिऱ्हाइकाबरोबर कुंभाराचा परीक्षकही गेला. काठाचा दोष सांगणारे कोणी नसेल, तर काठ सुधारण्याची निकडही उरत नाही. म्हणून विकत आणलेले चांगले भांडे काचेच्या कपाटात कोंडू नये, ते वापरावे. फुटण्याचे भय आहे खरे, पण हात न लागलेल्या पेल्याचे अर्धे रूप अज्ञातच राहते.