दुखण्याची गोळी आणि आपलं आतडं

कापूस वेचणीचे दिवस आलेत, म्हणजे कंबर-गुडघे कुरकुरणारच. आपल्यातल्या कितीजणींच्या पिशवीत दुखण्याची गोळी असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आमच्या गटातल्या एक मावशी दोन वर्षं रोज एक डायक्लोफेनॅक घ्यायच्या. दुकानातून सुटी आणलेली. पोट जळू नये म्हणून जोडीला ॲसिडिटीची गोळी. जळजळ होत नव्हती, म्हणून आम्हीही निर्धास्त. मग घागर आणताना त्यांना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन निघालं 7. लोहाच्या गोळ्या 3 महिने खाल्ल्या, रक्त वाढेना. दुर्बिणीतून पाहिलं, जठर स्वच्छ. डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याची गोळी घेता का?" मावशी म्हणाल्या, "नाही." रोजची गोळी त्यांना औषध वाटतच नव्हती! सोबत गेलो होतो म्हणून आम्ही बोललो.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक या गोळ्या दुखणं आणि सूज वाढवणारे पदार्थ शरीरात कमी करतात. पण तसलेच पदार्थ आतड्याचं अस्तरही राखतात. ते कमी झाले की पित्त आणि जंतू अस्तराला त्रास देतात, बारीक जखमा होतात, थोडं थोडं रक्त जातं. डोळ्यांना काही दिसत नाही. लहान आतडं जवळपास 20 फूट लांब, आणि तोंडातून घालायची नेहमीची दुर्बीण त्याच्या सुरुवातीपर्यंतच पोचते. ॲसिडिटीची गोळी जठर सांभाळते, खालचं आतडं नाही. इंजेक्शन घेतलं तरी सुटका नाही, औषध रक्तातून आणि पित्तातून तिथं येतंच.

म्हणून साध्या दुखण्याला आधी शेक, मलम, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल. दुसरी गोळी लागलीच तर कमीत कमी दिवस, आणि दोन दुखण्याच्या गोळ्या एकत्र कधीच नाहीत. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दवाखाना गाठायचा. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल, तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही.

मावशींची गोळी सुटली, रक्तही हळूहळू वाढलं. गुडघा अजून दुखतो, खोटं कशाला सांगा. आता ओझं कमी उचलतात, रात्री शेकतात. आणि आमच्या बैठकीला बचतीच्या वहीबरोबर प्रत्येकीनं घरातली गोळ्यांची पाकिटं आणायची, असं ठरलंय. मागच्या वेळी एकीकडे तीन पाकिटं निघाली. नावं वेगळी, आत औषध एकच.