आचार्य, आचारी आणि संगणक

लिपी ही देवांची देणगी, असें पूर्वीचे लोक मानीत. एकानें लिहिलेलें दुसऱ्यास वाचतां यावें ही व्यवस्था मात्र देवांनीं आपणांवरच सोंपविलेली दिसते!

आमच्या कोल्हापूरचेंच पाहा. येथील पुरालेखागारांत करवीर संस्थानचीं मोडी दप्तरें आहेत. मोडी ही घाईची लिपी. आधीं ओळभर रेघ ओढावयाची आणि मग बोरू शक्यतों न उचलतां अक्षरें तिला टांगीत जावयाचें. ऱ्हस्वदीर्घाची पंचाईत नाहीं, दोन शब्दांमध्यें जागा सोडण्याची उधळपट्टी नाहीं. सुख लिहिणाऱ्याचें, भोग वाचणाऱ्याचे! तरीही कागद टिकला आहे. जाणकार भेटला, कीं दोनशें वर्षांपूर्वीचा कारकून बोलूं लागतो.

संगणकाची तऱ्हा याहून निराळी. त्याला अक्षर कळत नाहीं, आंकडे तेवढे कळतात. कोणत्या आंकड्यास कोणतें अक्षर मानावयाचें, हा निव्वळ कराराचा प्रश्न. १९९१ सालीं आपल्या देशाचें ‘इस्की’ हें प्रमाण ठरलें, आणि त्याच वर्षीं सर्व जगासाठीं ‘युनिकोड’ही निघालें. परंतु त्यानंतरही पुष्कळ वर्षें फाँट तयार करणाऱ्यांनीं आपापल्या निराळ्या चुली मांडल्या. रोमन अक्षराच्या घरांत एकानें ‘क’ बसवावा, तर दुसऱ्यानें वेलांटी! तो फाँट आपल्या यंत्रावर नसला, कीं ‘श्री’च्या जागीं रोमन अक्षरें आणि स्वल्पविराम यांची अशी मिसळ पुढें येते, कीं ती कोल्हापूरकरासही पचूं नये.

त्यांतच आपला तो अर्धा ‘ऱ’. कानाला त्याचा फरक लगेच कळतो. यंत्राला तो सांगावा लागतो. युनिकोडमध्यें त्याची सोय आहे. पण टंकणारानें ती न वापरल्यास दऱ्यांचा दर्या होतो, आणि ‘आचाऱ्यांनीं पहांटें चूल पेटवावी’ या सूचनेनें लग्नघरांतील आचार्य झारा घेऊन उभे राहतात!

विनोद सोडा. २०१४ सालीं मोडीलाही युनिकोडमध्यें स्थान मिळालें. मग आपल्या घरांतील लिखाण निराधार कां राहावें? कोणाच्या वडिलांच्या आठवणी, कोणाच्या आईच्या ओव्या जुन्या फाँटांत अडकून पडल्या असतील. तें जुनें यंत्र चालतें आहे तोंवरच त्या युनिकोडमध्यें उतरून घ्या, आणि एक प्रत कागदावरही काढून ठेवा. मोडी शिकविणारे आजही भेटतात. बुडालेल्या फाँटाची शाळा कोठेंच भरत नाहीं.