कोलोनोस्कोपी अपुरी राहिली, तर?



कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी.
दुर्बीण गुदद्वारातून आत जाते.
तिला पोटाच्या उजव्या बाजूला, अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत पोचायचं असतं.
कधीकधी ती तिथवर पोचत नाही.

पोट नीट साफ झालेलं नसतं.
आतड्याला फार वळणं असतात.
जुन्या ऑपरेशनमुळे आतडं चिकटलेलं असतं.
किंवा वाटेत गाठ असते.

रिपोर्टवर लिहिलेलं असतं, "तपासणी अपूर्ण".
आणि घरी येऊन आपण सांगतो, "काही निघालं नाही!"

थांबा.
जेवढं दिसलं, तेवढ्यात काही निघालं नाही.
न दिसलेला भाग तपासायचा राहिलाच आहे.

मग पुढे काय?
ते कारणावर ठरतं.

पोट साफ नसेल, तर नीट तयारी करून पुन्हा कोलोनोस्कोपी.
पोट साफ करणारं औषध पुन्हा प्यायचं जिवावर येतं, हे खरं.
पण त्यावाचून काही दिसत नाही.

वळणांमुळे अडलं असेल, तर बहुधा सीटी कोलोनोग्राफी.
आतड्यात हवा किंवा वायू भरून स्कॅन काढतात.
भूल लागत नाही.
मात्र पॉलिप, म्हणजे अस्तरावरची वाढ, दिसली, तर ती काढायला दुर्बीणच लागते.

गाठीने वाट अडवली असेल, तर पलीकडचं आतडं ऑपरेशनआधी स्कॅनने पाहतात.
नाहीतर ऑपरेशननंतर काही महिन्यांत दुर्बिणीने.

तेव्हा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.
विचारा, दुर्बीण कुठवर गेली?
उरलेला भाग कसा तपासायचा?
आणि तारीख तिथेच ठरवून घ्या.