उतारवय आणि गुडघ्याचे बळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत साहित्य आणि संगीत या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. आमच्या वाट्याला कार्यवाहांनी ‘गुडघा’ दिला. आम्ही वैद्य नव्हे. केंद्र सरकारचे नोकर आणि कला शाखेचे पदवीधर. आमचा अधिकार एवढाच, की वयाच्या चौपन्नाव्या वर्षी आमचा उजवा गुडघा दुखावला आणि व्यायामाच्या बळावर तो पुन्हा कामावर रुजू झाला.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात वसाहतीच्या ओल्या जिन्यावर आमचा पाय घसरला. तपासणीअंती अस्थितज्ज्ञ म्हणाले, की हाड शाबूत आहे. सांध्यातील कूर्चेची गादी वयोमानाने झिजली होती, ती थोडी फाटली आहे. शस्त्रक्रियेची घाई नको, मांडी बळकट करा. दुखणे गुडघ्याचे आणि उपचार मांडीला, याचे आम्हांस प्रथम नवल वाटले. परंतु कारण समजल्यावर ते राहिले नाही.

मांडीच्या पुढील बाजूस चार भागांचा एक मोठा स्नायू असतो. खाली बसताना, जिना उतरताना शरीराचा भार तोच झेलतो. गुडघ्यास सूज आली, की मज्जासंस्था या स्नायूस आवरून धरते आणि थोड्याच आठवड्यांत मांडी बारीक होते. मग भार सांध्यावर पडतो, वेदना वाढतात आणि माणूस अधिकच बसून राहतो. सरकारात दीर्घकाळ रिक्त राहिलेले पद रद्द होते. शरीराचा कारभारही याहून निराळा नाही.

हे ज्ञान अगदी कालचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांचे दुबळे पाय डॉ. थॉमस डेलॉर्म यांनी क्रमाक्रमाने वजन वाढवीत बळकट केले आणि १९४५ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. हे तरुणांचे झाले, असे कोणी म्हणेल. परंतु १९९० साली बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेण्यात आले, तेव्हा त्यांच्या मांड्यांची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक झाली. २०१३ साली फिनलंडमधील डॉक्टरांनी आमच्यासारख्याच झिजून फाटलेल्या गादीच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. काहींवर दुर्बिणीतून खरी शस्त्रक्रिया केली होती, काहींवर नुसता तिचा देखावा. वर्षाअखेर दोन्ही गटांत उल्लेखनीय अंतर आढळले नाही.

आता प्रत्यक्ष व्यायाम सांगतो. आरंभी पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती पाच सेकंद दाबून धरावी. असे दहा वेळा. पुढे उताणे निजून एक पाय दुमडावा आणि दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलावा. हे साधले, की खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे व सावकाश बसावे. मग भिंतीला हात टेकून टाचा उचलाव्यात आणि शेवटी जिन्याच्या एकाच पायरीवर चढ-उतार करावी. पायाला बांधावयाची वाळूची पिशवी आम्ही अर्ध्या किलोपासून सुरू केली. एक दिवसाआड केले तरी चालते. परंतु महिन्या-दोन महिन्यांपूर्वी फळाची अपेक्षा धरू नये. तालमीत बैठका काढणाऱ्या आपल्या आजोबांस हे मर्म ठाऊक होते. खुर्चीवरून उठणे ही आमच्या वयाची अर्धी बैठक समजावी.

आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणत, “दर्द से कम, सूजन से ज़्यादा डरिए.” व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली, तर मात्र प्रमाण कमी करावे. गुडघा अडकून बसला, पायावर भार देता येईना, किंवा तापाबरोबर सांधा लाल व गरम झाला, तर व्यायाम बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा.

चार महिन्यांनी आम्ही तिसऱ्या मजल्यावरील आमच्या घरी कठड्यास हात न लावता चढलो. गेल्या गणेशोत्सवात पंगतीत मांडी घालून बसलो आणि कोणाचा हात न धरता उठलो. ही बाब क्षुल्लक वाटेल. आम्हांस ती तशी वाटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची मुले दूरच्या शहरांत आहेत, भावंडे गावी आहेत. या परमुलखातील शेजारी आपल्यावर माया करतात. तरीही रोजच्या जिन्यासाठी त्यांचा खांदा कसा मागावा? निवृत्तीनंतर येथे राहावे की परत जावे, हा निर्णय प्रत्येकाने आपल्या इच्छेने घ्यावा. गुडघ्याने तो आपल्यावर लादू नये.

म्हणून एक सूचना करतो. मंडळाचे सभागृह रविवारी सकाळी रिकामे असते. खुर्च्या आहेत, भिंत आहे, रंगमंचाची पायरी आहे. पन्नाशी ओलांडलेल्या सभासदांनी तेथे अर्धा तास जमावे. चहाची व्यवस्था आमच्याकडे. पन्नास वर्षे हे मंडळ ज्यांनी उभे ठेवले, त्यांचे पायही भक्कम उभे राहावेत, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.