विद्यार्थ्याला युक्तिवाद कोण शिकवणार?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो ‘प्रकल्प’ सादर होतात. त्यांतले कितीतरी झेरॉक्सच्या दुकानातून बांधून येतात. वर सोनेरी अक्षरांत या वर्षीच्या विद्यार्थ्याचे नाव असते, आत गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा मजकूर असतो. परीक्षक पाने उलटतो, सही करतो, गुण देतो. या व्यवहारात कोणीच कोणाला फसवीत नाही, कारण खरे काय ते सर्वांनाच ठाऊक असते. मुले आळशी आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या मुलाला बारा वर्षे आदर्श उत्तरे पाठ करावयास लावली, त्याने पदवीच्या वर्गात पाऊल टाकताच स्वतःचे प्रमेय पुराव्यानिशी सिद्ध करावे अशी अपेक्षा बाळगणे, हा आळस नेमका कोणाचा?

संशोधनपर युक्तिवाद म्हणजे माहितीची जंत्री नव्हे, आणि आवेशपूर्ण निबंधही नव्हे. (चळवळींची पत्रके बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडतात, हे घरच्या माणसांत बोलावयास हरकत नसावी.) ज्यावर मतभेद संभवतो असे एक विधान, त्याच्यामागे कोणालाही तपासता येईल असा पुरावा, आणि प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप प्रामाणिकपणे मांडून त्याला दिलेले उत्तर, एवढे त्यात असावे लागते.

याचा वस्तुपाठ हवा असेल, तर दादाभाई नौरोजी यांनी १८७६ साली मुंबईत ‘ईस्ट इंडिया असोसिएशन’च्या शाखेपुढे वाचलेला हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंध घ्यावा. १८६७-६८ साली देशाचे दरडोई उत्पन्न वर्षाला अवघे २० रुपये होते, हा त्यांचा निष्कर्ष सर्वांना ठाऊक आहे. तो कसा निघाला, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. दादाभाईंनी आपले आकडे सरकारी अहवालांतूनच उचलले, आणि ते उचलताना सरकारची सरासरी काढण्याची रीतच चूक असल्याचे दाखवून दिले. अधिकारी निरनिराळ्या जिल्ह्यांचे आकडे बेरजेला घेत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कोणत्या जिल्ह्यात किती जमीन पेरली, हे पाहतच नसत. समजा, एका जिल्ह्यात १ लाख एकर बागायत असून एकरी १० रुपयांचे पीक निघते, आणि दुसऱ्यात ९ लाख एकर जिरायतीत ४ रुपयांचे. सरकारी रीतीने सरासरी येते ७ रुपये. खरी येते ४ रुपये ६० पैसे. कागदावरची ही समृद्धी दादाभाईंनी भागाकारातच पकडली. मग कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार स्वतः किती खर्च दाखविते, ते त्यांनी आपल्या २० रुपयांशेजारी ठेवून पाहिले. विशेषणांची फारशी गरज उरली नाही.

ही विद्या उपजत नसते. ती शिकविण्यास वाचणारा आणि परत करणारा गुरू लागतो. गोपाळ कृष्ण गोखले तरुण असताना न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे अहवाल वाचीत, टिपणे काढीत, सार्वजनिक सभेसाठी लिहीत. १८८७ पासून सभेच्या त्रैमासिकाचे संपादनही त्यांच्याकडे आले. आकडेशास्त्रात त्यांना मोठा आधार होता तो गणेश व्यंकटेश जोशी यांचा. हा गृहस्थ सरकारी हायस्कुलात हेडमास्तर होता, हे प्राध्यापक मंडळींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

१८९७ साली गोखल्यांनी वेल्बी कमिशनपुढे दिलेली साक्ष उलटतपासणीत टिकली. त्याच वर्षी, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी, आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी विलायतेत विधान केले. परत आल्यावर त्याला जाहीर पुष्टी देण्यास कोणी पुढे येईना, आणि त्यांना माफी मागावी लागली. लोकांवर जुलूम झालाच नव्हता, असा याचा अर्थ नव्हे. पुढे उभा करता येईल असा पुरावा हाती नव्हता, एवढाच अर्थ. आणि सत्तेला तेवढा पुरतो. एकाच माणसाची एकाच वर्षातील ही दोन विधाने शेजारी ठेवून पदवीच्या वर्गात एक तास खर्च केला, तर संदर्भ का द्यावयाचे हे निराळे सांगावे लागणार नाही.

१९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात गोखल्यांनी सरकारची शिल्लक हाच आपला पुरावा केला. रुपयाचा भाव घसरलेला असताना वाढविलेले कर भाव सावरल्यावरही चालूच ठेवले. तेव्हा ही शिल्लक भरभराटीची खूण नसून रयतेकडून जादा उकळलेला पैसा आहे, असा त्यांचा मुद्दा. मिठावरील कर कमी करण्याचीही त्यांची मागणी होती. १९०३ साली हा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. तो एका भाषणाने आला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, परंतु त्या भाषणातील आकडे खोडून काढणे सरकारला सोपे नव्हते.

आता आजची व्यवस्था पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली चार वर्षांच्या पदवीचा जो आराखडा काढला, त्यात ‘संशोधनासह ऑनर्स’ ही वाट पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांसाठी ठेवली आहे. प्रबंधाला वेळ देता येईल असे थोडे विद्यार्थी निवडण्यात सोय आहे, आणि मार्गदर्शक अपुरे आहेत, हा आक्षेप खराही आहे. तरीपण ७५ टक्के कोणाला मिळतात? पाठांतर ज्यांना साधले, शिकवणी ज्यांना परवडली, त्यांना. पहाटे दूध घालून कॉलेज गाठणाऱ्या मुलाला प्रश्न पडत नाहीत असे नव्हे. ते कागदावर कसे मांडावेत, हे त्याला कोणी दाखविलेले नसते.

त्यासाठी चौथ्या वर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्याच वर्षी एक लहान प्रश्न द्यावा. आपल्या गावाची पैसेवारी ५० पैशांच्या वर कशी गेली? पीककापणीचे प्रयोग किती शेतांत झाले, त्यांत विहिरीखालची किती आणि कोरडवाहू किती? तलाठ्याचे म्हणणे काय? कागद मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. सहा पानांचा मसुदा पुरे. परंतु शिक्षकाने तो वाचून दोनदा तरी परत केला पाहिजे. एका वर्गात शंभर-सव्वाशे मुले आणि शिक्षक तासिका तत्त्वावरचा, अशा स्थितीत हे होणार नाही. म्हणून रिक्त जागा भरण्याची मागणी आणि ही मागणी एकच आहे. तोवर तालुक्याच्या अभ्यासमंडळांनी पाच-दहा मुलांचे मसुदे वाचण्याचे काम अंगावर घ्यावे. यंदाच्या पैसेवारीपासून आरंभ करता येईल.