दीड वाजल्यापासून चार वीसपर्यंत



कायद्याविषयी मराठीत लिहिणाऱ्यांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. संमेलन गोरेगावात भरलं याचा मला विशेष आनंद आहे. दिंडोशीचं सत्र न्यायालय इथेच आहे. त्याच्या बातम्या देणारे आणि निकालांचे अनुवाद करणारे आज समोर बसले आहेत, म्हणून एकाच विषयावर बोलतो: पूर्वनियोजन.

खुनाची बातमी आली की मथळ्यात 'पूर्वनियोजित' हा शब्द हमखास असतो. त्यातून वाचकाच्या मनात एक समज घट्ट बसला आहे, की ठरवून मारलं तरच खून. रागाच्या भरात मारलं तर तो खून नव्हे, 'हातून घडलं'. आपला कायदा असं म्हणत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत खुनाचे दर्जे आहेत आणि तिथे पूर्वविचाराला मोठं वजन आहे. तिकडच्या चित्रपटांतून ती कल्पना आपल्या बोलण्यात शिरली असावी. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम 101, म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम 300, वाचून पाहा. खुनाच्या व्याख्येत पूर्वनियोजनाची अट नाही. जीव घेण्याचा उद्देश भांडणाच्या जागीच, क्षणात तयार होऊ शकतो आणि तेवढा पुरतो. पूर्वनियोजनाचा अभाव विचारात येतो तो अपवादांमध्ये. स्वसंरक्षणाची मर्यादा चांगल्या हेतूने ओलांडली गेली तर, किंवा अचानक जुंपलेल्या मारामारीत संतापाच्या भरात मृत्यू घडला तर. या दुसऱ्या अपवादात आणखी एक अट आहे: मारणाऱ्याने गैरफायदा घेतलेला नसावा आणि क्रूरपणे वागलेलं नसावं. निःशस्त्र माणसावर सुरा चालवणाऱ्याला 'आधी काही ठरवलं नव्हतं' एवढं म्हणून सुटता येत नाही.

मुंबईत या विषयावर बोलायचं तर नानावटी खटल्याकडे वळावंच लागतं. 27 एप्रिल 1959. नौदलातले कमांडर कावस नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले. पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली नुकतीच दिली होती. त्यांनी पत्नी-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. मग ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचं आहे, असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. आहुजांच्या कार्यालयात चौकशी केली आणि तिथून त्यांच्या घरी गेले. चार वीसच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या.

ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांनी ते न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बचावाचा एक आधार होता गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ, हाही खुनाच्या व्याख्येतला एक अपवाद. न्यायालयाने मोजले ते मधले जवळपास तीन तास. पत्नी-मुलांच्या पुढच्या आयुष्याचा विचार हा माणूस करत होता, म्हणजे त्याचा स्वतःवर ताबा परत आला होता, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. मला या निकालातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. खटल्याच्या काळात शहराची सहानुभूती कुणाकडे होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. न्यायालयाने पाहिलं ते घड्याळ आणि माणसाची कृती.

आपल्या चाळींमध्ये, झोपडपट्ट्यांत जी भांडणं जिवावर बेततात त्यांनाही हीच कसोटी लावावी लागते. नळावर बाचाबाची झाली, एकाने ढकललं, दुसरा पडला, डोकं आपटलं. ही एक घटना. तीच बाचाबाची थांबली, एकजण घरात गेला, कोयता घेऊन परत आला. ही दुसरी. मथळा मात्र दोन्हींना एकच: 'क्षुल्लक कारणावरून खून'. मधली ती दोन मिनिटं कुणी लिहीत नाही, आणि कोर्टात वाद रंगतो तो नेमका त्यांच्यावर. जाता जाता आणखी एक. एकट्या आरोपीच्या नावापुढे 'कट रचला' लिहू नका. कटाला कायद्याने किमान दोघं लागतात.

बातमीदार मित्रांना माझी विनंती आहे. पोलिसांनी 'पूर्वनियोजित' म्हटलं तर ते पोलिसांचं म्हणणं म्हणूनच छापा. त्यापुढे विचारा: हत्यार कुठून आलं, केव्हा आणलं, भांडण आणि वार यांत किती वेळ गेला? जे कळेल तेवढं लिहा. पूर्वनियोजन होतं की नाही, ते दिंडोशीच्या न्यायाधीशांना ठरवू द्या.